दोरावरची जागा

ढिवरटोली, आसगाव
१२ जानेवारी २०२५

रायपूरला राहणाऱ्या माझ्या नवऱ्याला,

फोन तुम्ही कापत होतात, नंतर तर माझा नंबरच बंद करून टाकलात, म्हणून कागद घेतला. कागद नको असेल तर फाडावा लागतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतोच. पत्ता तुमच्यासोबत रायपूरला कामाला असलेल्या सूरजनं दिला. त्याच्यावर रागावू नका. मी त्याच्या आईसमोर मागितला, तो बिचारा काय करणार!

आधी घरची खुशाली. आई बऱ्या आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण जाळ्याची गाठ अजून चाचपून मारतात आणि माझी चूक झाली तर तीही चाचपून काढतात. जीभ होती तशीच आहे. सगळी टोली त्यांना घाबरते आणि त्या घाबरतात फक्त भुतांना. तलावाच्या पाळीवर चिंच आहे ना, तिच्याखालून भर दुपारी एकट्या जात नाहीत. "ये वं प्रेरणा, जराशी संग चाल," म्हणून मला घरातून बोलावतात आणि वाटभर मलाच शिव्या देतात, म्हणजे भुताला वाटावं की बाई तापट आहे.

मी अड्याळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये मदतनीस म्हणून लागले. लहान मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे. इंग्रजी बोलता आलं तर शिकवायलाही घेऊ, असं म्हणाले. म्हणून शाळा सुटल्यावर मी करुणा मॅडमच्या क्लासला बसते. मॅडम पवनीच्या, विणकरांच्या घरातल्या. त्या एक क्रियापद देतात आणि त्याचा पार भुगा होईपर्यंत दुसरं देत नाहीत. आत्ता ‘लीव्ह’ चालू आहे. सोडणे, निघणे, ठेवणे, राहू देणे, काय वाट्टेल ते होतं त्याचं.

पहिल्या दिवशी प्रत्येकीनं आपल्या घरावरून एक वाक्य करायचं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माय हजबंड लीव्ह होम." मॅडम म्हणाल्या, होऊन गेलं असेल तर ‘लेफ्ट’ म्हणायचं. मी विचारलं, होऊन गेलं की अजून चालूच आहे, हे बायकोनं कसं ओळखायचं? सगळ्या हसल्या. मीही हसले.

आता कामाचं. वैशाखात मोठं जाळं लावून तलाव ओढायचा आहे. या वर्षी मच्छीमार संस्थेत कुरकुर सुरू झाली आहे. दरवर्षी मोठ्या जाळ्याच्या दोरावर तुमच्या जागी मी उभी राहते. आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगायची! ज्या घरचा माणूस दोर धरतो, त्या घराला मासळीचा हिस्सा आणि वर्षभर तलावात जाळं टाकायचा हक्क. घरचा माणूस येईल तोवर बायको त्याच्या जागी धरू शकते. पण ‘येईल तोवर’ किती लांबवायचं, असं लोक विचारतात. एक दिवस या. पाण्यात उतरा, दोर धरा, लोकांना तोंड दाखवा आणि हवं तर संध्याकाळच्या गाडीनं परत जा. मी अडवणार नाही.

सौ. प्रेरणा

१६ फेब्रुवारी

तुमचं उत्तर नाही. पोस्टमनची चूक असेल असं आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोस्टमन बरा आहे. त्याले कायले बोल लावतं?"

‘लीव्ह’ म्हणजे रजा, हेही शिकले. कॉन्व्हेंटमध्ये अर्ज लिहावा लागतो. साहेब, मला एक दिवसाची रजा द्यावी, कारण माझ्या घरी अमुक अमुक. कारण लिहावंच लागतं. बिनकारणाच्या रजेला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे आणि त्यावर पगार कापतात. तुम्ही तुमच्या ठेकेदाराला अर्ज लिहा. पीओपीचं काम एक दिवस थांबलं म्हणून कोणाच्या डोक्यावर छत पडत नाही. कारणाच्या जागी लिहा, घरी आई आहे.

सूरज सुट्टीवर आला होता. मी त्याला चहा दिला. पहिला घोट घेऊन म्हणाला, "वहिनी, चाय एकदम गोड. रायपूरले बी वहिनी अशीच गोड करते." आणि मग एकदम कप खाली ठेवून बाहेर कुत्रं भुंकतंय का ते बघायला गेला. कुत्रं नव्हतं. चहात साखर जास्त झाली असेल.

आई तुमची चादर उन्हात घालतात. मी म्हटलं, वापरत नाही त्या चादरीला ऊन कशाला? तर म्हणाल्या, "वापरत नाई म्हणूनच. कसर लागते." हे मी तुम्हाला लाजवायला लिहीत नाही. लिहीत असेन तर लाजा.

वैशाखाचं लक्षात ठेवा.

सौ. प्रेरणा

२३ मार्च

काल सोमाजीकाका घरी आले. संस्थेचे सभापती आपल्या ओसरीवर येऊन बसले. आई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"मुन्नाचा फोन आला होता," काका म्हणाले.

आईंचं सूप थांबलं. "बरा आहे का गा तो?"

"बरा आहे. म्हणे, मी काई येत नाई आता. आपली दोरावरची जागा प्रविणले देऊन टाका."

म्हणजे तुमच्याकडे फोन आहे, त्यात पैसे आहेत आणि बोलायला तोंडही आहे. मी वेडी, इतके दिवस तुमच्याबद्दल काळजी करत होते. चुलतभावाला जागा द्यायला तुम्हाला सभापतीचा नंबर सापडतो. आई बरी आहे का, एवढं विचारायला सापडत नाही.

मी काकांना म्हटलं, "इतके साल दोर मी ओढून रायली काका. हे हात पाहा. अन् जागा प्रविणभाऊची?"

काका वाईट माणूस नाहीत. ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "तू त्याच्या नावानं ओढत होती पोरी. तो येईन म्हणून. आता तोच नाई म्हणते, त मी काय करू? नवरा मेला त रांडेले जागा आहे, सोडलेल्या बाईले नाई. हे रीत मी नाई काढली. जुन्या लोकायची आहे."

मग आई बोलल्या, अगदी हळू. "सोमाजीभाऊ, रांडेले आहे म्हणता?"

"आहे ना भौजी. बाबुलालभाऊ गेले तवा तुमालेच होती. मुन्ना पाळण्यात होता."

आईंनी मान हलवली आणि पुन्हा पाखडायला लागल्या. काका चहा न पिता गेले.

म्हणजे ती जागा तुमची नव्हतीच. मामाजी वारल्यावर आई पाण्यात उभ्या राहिल्या. पाठीशी तुम्हाला बांधून दोर ओढला, हे टोलीतल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. मिशी फुटली तेव्हा त्यांनी तुमच्या हातात तो दोर दिला. आणि तुम्ही तो एका फोनवर प्रविणला देऊन मोकळे. उद्या आपल्याच तलावात जाळं टाकायचं तर प्रविणची परवानगी घ्यायची. तो भला आहे, मूठभर मासोळी देईल म्हणतात. भीक म्हणजे आणखी काय असतं?

क्लासमध्ये मॅडमनी नवा उपयोग सांगितला. माणूस कोणासाठी काही ठेवून जातो, तिथेही ‘लीव्ह’च. आपल्या भाषेत सोडून जाणारा वेगळा आणि ठेवून जाणारा वेगळा. मी वाक्य केलं नाही. मॅडमना म्हटलं, डोकं दुखतंय.

रागावून लिहिलंय. तरी अजून सांगते, एक दिवस या. तुम्ही पाण्यात उभे दिसलात की काकांचं तोंड बंद होईल.

प्रेरणा

१५ एप्रिल

हे पत्र नीट वाचा. पुन्हा पुन्हा वाचा.

पळसाला नवी पानं आली आहेत. परवा कॉन्व्हेंटमधून आले तर अंगणात पानांचा ढीग. आईंना नीट दिसत नाही, त्या टोलीतल्या रुखमा आजींचा हात धरून रानात गेल्या होत्या. मी विचारलं, "इतकी पानं कायले आणली आई? पत्रावळी लावता का?"

"नाई," त्या म्हणाल्या. "पानायचा मुन्ना लावून रायली."

मला आधी कळलं नाही. मग कळलं आणि मी तिथेच बसले. जो माणूस परदेशी गेला, ज्याचा पत्ता नाही, ज्याची वाट बघून झाली, त्याचा पानांचा पुतळा करून जाळतात. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. मी कोंढ्याला माहेरी एकदा पाहिलं होतं. डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता, आणि मला वाटलं होतं की त्याला पाणी द्यावं.

मी म्हटलं, "ते जित्ते आहेत आई. पत्ता आहे आपल्यापाशी."

"कोणासाठी जित्ता आहे? मले सांग. तुह्यासाठी? माह्यासाठी?"

"लोक काय म्हणतील? सोमाजीकाकाले तर फोन आला त्यायचा."

"मायनं पोराले आग देल्यावर तो जित्ता आहे म्हणणारा कोणी मले दाखव तू."

खरंच आहे. असं तोंडावर कोण म्हणणार? आपल्या टोलीत तरी नाही. मारामाऱ्या करतील, जाळी पळवतील, पण सुतकातल्या आईला कोणी खोटं पाडणार नाही. आई हे जाणून आहेत. मोतीबिंदू डोळ्यांना झालाय, डोक्याला नाही.

दिवस ठरलाय. चैत्र अमावास्या, २७ तारीख, रविवार. सकाळी तलावाच्या पाळीवर.

आता माझं ऐका. त्या दिवसानंतर मला जागा मिळेल. माझ्या नावानं, मरेपर्यंत. मला ती हवी आहे. तिच्याशिवाय मी आणि आई काय खाणार? मदतनिसाच्या पगारात तेलसुद्धा मोजून घालावं लागतं. पण मला रांड व्हायचं नाही. हे मी तुम्हालाच लिहू शकते, दुसऱ्या कोणाला नाही. कपाळ पुसून कॉन्व्हेंटमध्ये गेले तर मुलं विचारतील, मिस, टिकली कुठाय. बांगड्या फोडताना रुखमा आजी माझा हात धरतील, आणि माझा नवरा तेव्हा रायपूरला दात घासत असेल.

तुमच्याकडच्या बाईचं मला ठाऊक आहे. सूरजच्या चहापासून ठाऊक आहे. तिच्यावर माझा राग आहे आणि तो राहील, पण आज तो बाजूला ठेवते. तिला सांगून या. हवं तर तिला घेऊन या. दोर धरू नका, माझ्याशी बोलू नका. फक्त आग लागायच्या आत आईसमोर उभे राहा आणि म्हणा, मी आहे, आणि ही जागा प्रेरणाची आहे. एवढं म्हणालात की काका ऐकतील, आईंच्या हातातली काडी खाली पडेल आणि माझं कुंकू राहील.

मी ही गोष्ट कोणाला न सांगता लिहिते आहे. आईंना कळलं तर त्या मला घराबाहेर काढतील. भंडारा रोड स्टेशनला उतरा, तिथून पवनीची गाडी मिळते. सकाळी लवकर पोचा. उशीर करू नका, ही एकच विनंती. तुमची उशिराची खोड मला माहीत आहे. लग्नातसुद्धा मुहूर्त टळून गेल्यावर आला होतात, आणि हसत होतात, आणि तेच हसणं मला आवडलं होतं.

तुमची
प्रेरणा

१८ मे

मुन्ना,

तुला नावानं हाक मारते आहे. आयुष्यात पहिल्यांदा. मेलेल्या माणसाला अहो-जाहो करायची आपल्याकडे पद्धत नाही.

त्या रविवारी मी पहाटेपासून रस्त्याकडे बघत होते. पाण्याला जाते म्हणून सांगून फाट्यापर्यंत गेले आणि रिकामी घागर घेऊन परत आले. आईंनी घागर चाचपली. त्यांना कळलं असावं. त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही.

पाळीवर सगळी टोली आली होती. प्रविणही होता, खाली मान घालून. पानांचा माणूस आईंनी स्वतः लावला होता, आणि डोळे अधू असूनही तुझ्यासारखा लावला होता. एक खांदा खाली, एक वर. बघून मला रडू फुटलं. ते खोटं रडणं नव्हतं. लोकांना वाटलं असेल, बाईला नाटक छान जमतं.

आईंनी काडी ओढली तेवढ्यात सोमाजीकाकांच्या खिशातला फोन वाजला.

मी त्यांच्या शेजारीच होते. काकांनी फोन काढला आणि मी पडद्यावर बघितलं. ‘मुन्ना रायपूर’. काकांनीही बघितलं. मी बघितलेलंही त्यांनी बघितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांची नजर सांगत होती, बोल पोरी, तू म्हणशील तसं.

आईंच्या हातात काडी जळत होती. "कोणाचा फोन आहे गा सोमाजीभाऊ?"

माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं. खरंच आलं होतं. मग मी प्रविणकडे बघितलं. पलीकडे तलावाचं पाणी उतरत चाललं होतं, काठाचा चिखल उघडा पडला होता. वैशाखात तिथे कोणाचे पाय रुततील, हे त्या क्षणी ठरायचं होतं. मी गप्प राहिले.

काका म्हणाले, "राँग नंबर आहे भौजी." आणि त्यांनी फोन बंद केला.

आईंनी आग दिली. ओली पानं आधी नुसती धुमसली, मग एकदम पेटली. बांगड्या रुखमा आजींनी फोडल्या. आजी हळू हाताच्या आहेत, काच लागली नाही. मंगळसूत्र मी स्वतः काढलं आणि आईंनी ते आगीत टाकू दिलं नाही. "सोनं आहे, ठेव," म्हणाल्या. अशाही वेळी आई त्या आईच.

दहा दिवस मी क्लासला गेले नाही. गेले तेव्हा मॅडम माझ्या कपाळाकडे बघून पुस्तक मिटून बसल्या. मीच म्हटलं, शिकवा. तर ‘लीव्ह’चं एक राहिलं होतं. माणूस मरतो तेव्हा त्याच्या मागे कोण कोण राहिलं, ते सांगायलाही हेच क्रियापद. मी फळ्याजवळ जाऊन वाक्य लिहिलं. त्यानं मागे आई आणि बायको ठेवली आहे. मॅडम म्हणाल्या, बरोबर. एकही चूक नाही.

मग तलाव ओढायचा दिवस आला. सूरज रायपूरहून आला होता. जाळं पाण्यात उतरवण्याआधी काकांनी घराघराचं नाव पुकारलं. आपल्या घराची पाळी आली तेव्हा ते थांबले नाहीत, अडखळले नाहीत. "प्रेरणाबाई!" मी पाण्यात उतरले आणि दोर धरला. पुढे प्रविण, मागे सूरज.

दोर ओढताना सूरजनं सांगितलं. जाळ्याचं ओझं एवढं होतं की त्याचे शब्द तुटून तुटून येत होते. म्हणाला, "वहिनी, मुन्नाभाऊ आला होता त्या दिवशी. भंडारा रोडवर उतरला होता. तुमची चिठ्ठी खिशात होती. गाडी लेट झाली म्हणून सोमाजीकाकाले फोन लावला, का मी येऊन रायलो, थांबा. फोन कटला. पुन्हा लावला त बंद."

"मंग?" मी विचारलं.

"मंग घटकाभर बाकावर बसला. अन् परतीच्या गाडीत बसला."

माझ्या हातातून दोर सुटला नाही. सुटला असता तर पुढच्या-मागच्या दोघांचे हात सोलले असते. मी ओढत राहिले. सगळे ओढत होते. जाळं काठाला लागलं तेव्हा मरळ उड्या मारत होते आणि पोरं ओरडत होती, आणि मी चिखलात बसून रडले. लोकांना वाटलं, नवऱ्याची आठवण आली. तेही खरंच होतं.

तू निघाला होतास हे कळून मला काय झालं, ते लिहिता येत नाही. एवढं लिहिते. त्या दिवशी मी बोलले असते तर तू वाचला असतास. ही गोष्ट माझ्यापाशी राहील आणि मी ती कोणावर ढकलणार नाही. पण मुन्ना, तुझा एक फोन कापला गेला, एकच, आणि तू परत फिरलास. भंडारा रोडहून इथं यायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. माझे किती कापलेस, मी मोजले नाहीत. कापलेस तेव्हा कागद घेतला. कागदाला उत्तर आलं नाही तेव्हा दुसरा घेतला. तू पवनीच्या गाडीत बसला असतास तर आग विझल्यावर का होईना, पोचला असतास. राखेसमोर उभा राहिला असतास तरी आईंनी तुला ओळखलं असतं. रीत आहे त्यालाही. जाळलेला माणूस परत आला तर त्याचं पुन्हा बारसं करतात, आणि बायकोशी पुन्हा लग्न लावतात. मी लावलं असतं. काल आईंनीच विचारलं, "आला असता त पाळणा कुठून आणला असता वं?" आणि स्वतःच हसल्या, आणि मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्या. सूरजचं बोलणं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

हिश्शात चांगली मासळी आली. मोठा मरळ आईंना करून घातला. त्या दुखवटा पाळतात सगळा, पण खाताना म्हणाल्या, पाण्याची वस्तू आहे, आपल्या जागेची आहे, नाही म्हणू नये. तुझी चादर त्यांनी पेटीत घालून टाकली. उन्हात घालत नाहीत.

हे शेवटचं. आता कागद आणणार नाही. तूही उत्तर पाठवू नकोस, फोन करू नकोस, एखाद्या दिवशी मन भरून आलं तर पाळीवर येऊन उभा राहू नकोस.

आईंना भुतांची फार भीती वाटते.

श्रीमती प्रेरणा